वेळ मारून नेण्याचा कागद

मोबाईलच्या कव्हरमागे चार घड्या घालून ठेवलेला एक कागद. वहीचं फाडलेलं पान, कोपऱ्यावर चहाचा डाग. पहिलीच ओळ अशी: ‘धागा तुटलेला दिसतो, तरी लूम बंद करायला हात उठत नाही.’

हा कागद सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कामगाराचा. टॉवेल विणतो. धागा तुटला की लूम थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा; हे त्याच्या हातात इतकं मुरलंय की झोपेतही करेल. ज्या दिवशी समोर धागा तुटलेला दिसतो आणि हात जागचा हलत नाही, त्या दिवशी त्याच्या डोक्यात जीव द्यायचा विचार घोळत असतो. ही खूण त्याची त्यालाही आधी माहीत नव्हती. बोलता बोलता सापडली. (हा माणूस मी कामात भेटलेल्या दोन-तीन जणांवरून उभा केलाय. कुणाची ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदललेत. पुढे येणाऱ्या बाईंचंही तसंच.)

मी सोलापुरात समुपदेशनाचं काम करते. असे कागद लिहून घेणं हा त्यातला एक भाग. डॉक्टर मंडळी याला ‘सेफ्टी प्लॅन’ म्हणतात. मराठीत ‘सुरक्षा आराखडा’ असं भारदस्त नाव आहे, पण ते ऐकलं की समोरच्याला महापालिकेची फाइल आठवते. म्हणून मी नुसतं ‘कागद’ म्हणते. ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येतात त्या माणसाने, डोकं थोडं ताळ्यावर असताना, वाईट घटकेसाठी आपल्याच शब्दांत लिहून ठेवलेला कागद. तो कसा लिहायचा, का चालतो आणि कुठे कमी पडतो, ते सांगते.

त्याआधी एक. हे वाचताना तुमच्याच मनात असे विचार चालू असतील तर लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री-अपरात्रीही कुणीतरी फोन उचलतं, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिवाला आत्ताच धोका असेल तर ११२ किंवा १०८. लेख कुठे पळून जात नाही.

आपल्याकडे ‘वेळ मारून नेणं’ ही काही स्तुती नव्हे. उधारी मागायला आलेल्याला ‘पुढच्या हप्त्याला नक्की’ म्हणणारा वेळ मारून नेतो. या कामात मात्र मला याच्याइतका नेमका शब्द दुसरा सापडलेला नाही. जीव द्यायची टोकाची इच्छा चोवीस तास सारख्या जोराने टिकत नाही. ती चढते, शिगेला पोचते आणि उतरते. मनात दुःख, कर्ज, आजार, अपमान महिनोन्महिने असतो. पण ‘आत्ताच’ असं वाटण्याचा काळ पुष्कळ जणांत काही मिनिटांचा, फार तर काही तासांचा असतो. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन आठवा. बारा ते चार कुणी शहाणा माणूस नव्या पेठेत खरेदीला निघत नाही. ऊन कमी करणं आपल्या हातात नसतं. दारं लोटून, पडदा ओला करून, माठातलं पाणी पीत ते उतरायची वाट बघायची. कागद एवढंच काम करतो: ते चार तास, कधी ती दहा मिनिटं, पार पाडतो.

आणि ती पार पडली तर? पुन्हा चार दिवसांनी करणारच ना, असं घरचे मला कितीदा तरी विचारतात. तसं होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे पुष्कळ अभ्यास झालेत. त्यातल्या दहापैकी नऊ जणांचा मृत्यू पुढे आत्महत्येने होत नाही. मात्र एकदा प्रयत्न झालेल्या माणसाला धोका इतरांपेक्षा जास्त असतो, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. म्हणून ‘वाचला, आता झालं’ म्हणून निर्धास्त होऊ नये, आणि ‘हा आज ना उद्या जाणारच’ म्हणून हात टेकूही नयेत.

कागदाची आज प्रचलित असलेली पद्धत बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवली. २००८ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांसाठी त्याची पुस्तिका निघाली. २०१८ मध्ये त्यांनीच नऊ रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागांचा अभ्यास छापला. ज्यांच्याकडून कागद लिहून घेतला आणि घरी गेल्यावर ज्यांना फोन केले गेले, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी कमी होतं. हा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग नव्हता, रुग्णालयांची आपसातली तुलना होती. त्यामुळे आकडा थोडा सांभाळून घ्यावा. तरी एका पानाच्या आणि दोन-चार फोनच्या मानाने तो लहान नाही.

आता कागदावर काय असतं. त्याचे सहा भाग. क्रम महत्त्वाचा, कारण वाईट वेळी माणसाने वरून खाली एकेक ओळ उतरत जायचं असतं. एका ओळीने भागलं तर पुढची लागत नाही. पण हे काही नळाचं कनेक्शन मिळवायच्या अर्जासारखं नाही. धोका मोठा वाटला तर मधल्या सगळ्या ओळी सोडून थेट फोन लावायचा, दवाखाना गाठायचा.

सुरुवात खुणांपासून. वादळ येतंय हे मला कशावरून कळेल? इथे लोक बहुतेक वेळा ‘टेन्शन येतं’ असं लिहितात. मी ते खोडायला लावते. टेन्शन सोलापुरात कुणाला नाही? खूण अशी हवी की ती दिसली की ओळखू यावी. वर दिलेली धाग्याची ओळ हा त्याचा उत्तम नमुना. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, ‘जेवणाच्या ताटावर बसतो आणि भाकरी मोडत राहतो, खात नाही.’ एका बाईंनी सांगितलं, ‘पोरांचं सगळं नीट लावून ठेवायची घाई होते. गणवेश, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक.’ ही शेवटची खूण घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाई सावरली, कामाला लागली.

मग येतं आपलं आपण काय करायचं ते. कुणाला न सांगता, कुणाच्या मदतीशिवाय, दहा-पंधरा मिनिटं मन दुसरीकडे वळवणारं काहीतरी. या भागाने मला एक गोष्ट शिकवली. एक विडी कामगार बाई होत्या, घरी बसून विड्या वळणाऱ्या. मी म्हटलं, तसा विचार आला की सूप मांडीवर घ्या आणि विड्या वळायला बसा, हात कामात राहील. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘ताई, विडी वळायला डोकं लागतं होय? हात चालतो आणि डोकं मोकळं. सगळं वाईट तेव्हाच तर येतं.’ बरोबर होतं त्यांचं. दिवसाला हजारभर विड्या वळणाऱ्या हाताला विचार करावाच लागत नाही. मग शोधत शोधत आम्ही शेंगाच्या चटणीवर आलो. उखळात भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं. तेल सुटेपर्यंत कुटावं लागतं, दंड भरून येतात, ठोका चुकला तर दाणे बाहेर उडतात. म्हणजे लक्ष द्यावंच लागतं. त्यांच्या कागदावर ‘चटणी कुटणे’ आलं. मिक्सरची चटणी चालणार नाही, असंही त्यांनीच सांगितलं.

म्हणून इथे पुस्तकी सल्ला लिहू नये. ‘ध्यान करा, प्राणायाम करा’ हे ज्याला आधीपासून जमतं त्याच्यासाठी ठीक. ज्याने आयुष्यात कधी डोळे मिटून श्वास मोजला नाही, तो सगळ्यात वाईट रात्री तो मोजायला बसणार नाही. मोबाईलवर रील सरकवत बसणंही मी लिहू देत नाही. विडीसारखंच आहे ते, अंगठा चालतो आणि डोकं मोकळं. दारूचं तर नावच नको. दारूने दुःख कमी होत नाही, आवर कमी होतो.

तिसरी पायरी माणसांची आणि जागांची, पण अजून काही सांगायचं नाही. फक्त चार माणसांत जाऊन बसायचं. सिद्धेश्वर मंदिरात संध्याकाळच्या गर्दीत, हुतात्मा बागेत पोरं खेळतात तिथल्या बाकावर, अशोक चौकात ओळखीच्या टपरीवर. जागा वर्दळीची हवी. ‘शांत ठिकाणी एकटाच जाऊन बसतो’ असं कुणी म्हणालं तर मी थांबवते. शांतता एरवी चांगली, या वेळेला नको. आणि ती जागा रात्री अकराला उघडी असेल का, याचाही विचार करावा. वाईट वेळ बागेचं टाइमटेबल बघून येत नाही. त्या कामगाराच्या कागदावर रात्रीसाठी वेगळी ओळ आहे: ‘रात्रपाळीच्या कारखान्यासमोरच्या टपरीवर जायचं.’

चौथ्यात खरं सांगायचं असतं. ज्यांना ‘मला जीव द्यावासा वाटतोय’ असं म्हणता येईल अशी दोन-तीन माणसं, नावानिशी, नंबरासह. लांबलचक यादी काही कामाची नाही. शिवाय त्या माणसांना आधीच विचारून ठेवायला हवं. बहुतेक जण इथेच ढिले पडतात. ‘मामा’ लिहून मोकळे होतात आणि मामाला काही पत्ताच नसतो. मग रात्री दीडला फोन येतो, मामा झोपेत म्हणतो, ‘अरे, असं काय बोलतोस, देवाचं नाव घे आणि झोप.’ मामाचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की असा फोन आला तर काय करायचं. करायचं एवढंच: उपदेश नाही, ‘पोरांचा विचार कर’ नाही. ‘तू कुठेयस? मी निघालो. तोवर फोन चालू ठेव.’

हे वाक्य मी मामांना अक्षरशः पाठ करायला लावते. ‘पोरांचा विचार कर’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या घटकेला त्या माणसाला मनापासून वाटत असतं की आपण घरावर ओझं आहोत, पोरांचं आपल्याविना भलंच होईल. आपलं वाक्य त्याच्या त्याच जखमेवर जाऊन पडतं.

पाचव्यात डॉक्टर आणि सेवा. हे पटकन. १४४१६ वर आलंच. सोलापुरात सिव्हिल, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तिथे मानसोपचाराचे डॉक्टर बघतात आणि कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते. खासगी डॉक्टर चालू असतील तर त्यांचं नाव, वेळ, दवाखान्याचा पत्ता. नंबर कागदावर असूनही लोक लावत नाहीत, कारण पहिला फोन सगळ्यात अवघड असतो. म्हणून मी समोर बसवून एकदा लावायला लावते. तिकडून आवाज आला, भाषा विचारली, दोन वाक्यं बोलून झाली की तो नंबर परका राहत नाही.

सहावा भाग सर्वांत शेवटी लिहिला जातो. मला विचाराल तर जीव वाचवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा. घरातलं धोक्याचं सामान हाताशी राहणार नाही असं करणं. माणसाच्या मनात ज्या वस्तूचं नाव आलेलं असतं ती कोणती, हे त्याला सरळ विचारायचं आणि घरच्या एकाला सोबत घेऊन ती हलवायची. उत्तर प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्याची यादी इथे मांडायची काही गरज नाही. दोन गोष्टी मात्र घरोघरच्या आहेत म्हणून सांगते. गोळ्या चालू असतील तर महिन्याचा साठा माणसाच्या हातात देऊ नये. आठवड्याच्या, लागल्यास रोजच्या, दुसऱ्या कुणीतरी द्याव्यात. आणि गावाकडे शेत असेल तर फवारणीचं औषध राहत्या घरात ठेवू नये. सांगोल्याच्या डाळिंबाला, पंढरपूरच्या द्राक्षाला फवारणी चुकत नाही, हे मान्य. पण लागेल तेवढंच आणावं, उरलेलं कुलुपात आणि किल्ली दुसऱ्याच्या घरी.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘ज्याला मरायचंच आहे तो दुसरा रस्ता शोधेल.’ ऐकायला पटतं, पण अनुभव उलटा आहे. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक होतं. तिथल्या सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही ७० टक्क्यांनी कमी झाली नव्हती. मधल्या काळात त्या देशाने युद्ध आणि त्सुनामी दोन्ही सोसलं. फरक पडला तो वाईट घटकेला हाताशी काय आहे याने. किल्ली शेजारच्या गल्लीत असेल तर ती आणायला जाण्यात दहा मिनिटं जातात, वाटेत कुणीतरी भेटतं, ‘काय बे, जेवलास का?’ विचारतं.

लूमवाल्याच्या कागदावर सहाव्या भागात एकच ओळ आहे: ‘कपाटाची किल्ली वहिनीकडे.’ कपाटात काय, ते त्याला, वहिनीला आणि मला ठाऊक.

कागदावर काय नसतं तेही सांगितलं पाहिजे. त्यावर शपथ नसते. आपल्याकडे घरात असं काही कळलं की पहिली गोष्ट होते ती हीच: ‘सिद्धरामेश्वराची शपथ घे’, ‘लेकराच्या डोक्यावर हात ठेव आणि बोल, पुन्हा असं करणार नाहीस.’ पूर्वी डॉक्टरसुद्धा ‘मी जीव देणार नाही’ असं लिहून सही घ्यायचे. त्याचा उपयोग होतो असं कधी सिद्ध झालं नाही. तोटा मात्र दिसतो. शपथ घेतलेल्या माणसाला पुन्हा विचार आला की तो सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर शपथ मोडली. मग तो लपवतो आणि आपल्याला वाटतं, बरं चाललंय. शपथ म्हणते ‘करू नकोस’. तसा विचार आल्यावर काय करायचं हे ती सांगत नाही, आणि कागदाला तेच सांगायचं असतं.

आता या सगळ्याच्या आधीचा प्रश्न. कळायचं कसं? विचारायचं कसं?

सरळ. ‘जीव द्यायचे विचार येतात का तुमच्या मनात?’ एवढंच. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. यावरही अभ्यास झालेत, विचारल्याने धोका वाढत नाही. उलट बहुतेकांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसते, कुणीतरी एकदाचं नाव घेतलं म्हणून. पण आपण विचारतो कसं बघा: ‘असं काही वेडंवाकडं मनात नाही ना आणत?’ या वाक्यात ‘नाही ना’ आहे. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायचंय, हे त्यातच आलं. समोरचा शहाणा असतो, तो ‘छे छे’ म्हणतो आणि दोघंही चहा पितात. ‘वेडंवाकडं’ हा शब्दही नको. त्याच्या मनात जे चाललंय त्याला आपण आधीच वेडेपणा ठरवून टाकलेलं असतं.

‘हो’ आलं तर घाबरून जाऊ नका, निदान तसं दाखवू नका. कधीपासून, किती वेळा, काही ठरवलंय का, आज वाटतंय का, हे विचारा. ठरवलेलं असेल, सामान जवळ असेल, किंवा आजच असं वाटत असेल, तर कागद लिहीत बसायची ती वेळ नव्हे. माणसाला एकटं सोडायचं नाही, धोक्याचं सामान दूर करायचं आणि दवाखाना.

दवाखान्यात न्यायला लोक कचरतात ते ‘पोलीस केस होईल’ म्हणून. या भीतीपायी तास वाया जातात. म्हणून कायदा नीट समजून घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं धरून चालायचं, तिच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं, पुनर्वसन करणं ही सरकारची जबाबदारी. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंडविधानातलं जुनं ३०९ कलम गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा राहिला. सिव्हिलमध्ये एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची) नोंद होते, जबाब घ्यायला पोलीस येऊ शकतात, हे खरं. नोंद म्हणजे खटला नव्हे. दारात थांबून घरच्यांशी मसलत करण्यापेक्षा रिक्षात बसा.

कागदाच्या मर्यादा. कर्ज कागदाने फिटत नाही. नवऱ्याची मारहाण कागदाने थांबत नाही. डिप्रेशनचे उपचार, गरज पडली तर गोळ्या, दारू सोडवणं, बँकेत जाऊन हप्ते बांधून घेणं, हे सगळं वेगळं आणि लांबचं काम आहे. २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, देशातला सर्वांत मोठा आकडा. कौटुंबिक कलह आणि आजारपण ही नोंदलेली सर्वांत मोठी कारणं, आणि मरणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक माणसं रोजंदारीवर पोट असलेली. एवढ्या दुःखाला वहीचं एक पान पुरेल असं मी म्हणत नाही. पण ज्याचं कर्ज पुढच्या वर्षी फिटणार आहे त्याने पुढच्या वर्षापर्यंत असायला हवं.

दुसरी मर्यादा आपल्या गावची. कागद लिहायचा कुठल्या भाषेत? पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे उर्दू. वाईट वेळी माणूस ज्या भाषेत स्वतःशी बोलतो त्या भाषेत लिहावा. वाचता येत नसेल तर चित्रं. चटणीवाल्या बाईंचा कागद त्यांच्या मुलीने काढला: एक उखळ, मग शेजारच्या अक्काचं निळं दार, मग फोन. फोन शेवटी, कारण घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो. शहरी नमुन्यातला कागद ‘फोन करा’ म्हणून मोकळा होतो. इथे आधी निळं दार.

मुलीला हे काढायला लावणं बरं का, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. मुलगी वीस वर्षांची आहे, आईचं सगळं तिला आधीच माहीत होतं. ती दहा वर्षांची असती तर मी हे केलं नसतं. लहान पोराला आईबापाचा पहारेकरी करू नये.

कागद लिहून झाला की काम संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ठिकाणांपैकी एक चेन्नई. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेली १,८६७ माणसं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट: कसं चाललंय, काही हवंय का. दीड वर्षांनी पहिल्या गटात आत्महत्येने १८ मृत्यू झाले होते, दुसऱ्यात २. त्या नऊ भेटींत कुणी मोठं शास्त्र सांगितलं नव्हतं. ‘कसं चाललंय’ हे आपल्यापैकी कुणीही विचारू शकतं; फक्त नऊ वेळा विचारायला हवं. आपण पहिल्या आठवड्यात गर्दी करतो, फळं घेऊन जातो आणि मग आपापल्या कामाला लागतो.

मी कागद महिन्याने पुन्हा उघडायला सांगते. नंबर बदललेले असतात, कुणाशी भांडण झालेलं असतं, एखादा उपाय चाललेला नसतो. लूमवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा कागदाच्या घड्या फाटायला आल्या होत्या. ‘हुतात्मा बाग’ खोडलेलं. का, विचारलं तर म्हणाला, तिथे बसलं की शाळेचे दिवस आठवतात आणि जास्तच रडू येतं. बरं, खोडा. दुसरी जागा लिहिली. मग त्याने पान उलटं केलं. मागे एक ओळ होती, निळ्या शाईत, त्याच्या अक्षरातली नव्हती.

‘हे कुणी लिहिलं?’

शेजारच्या लूमवर काम करणाऱ्या पोराने, म्हणाला. धाग्याची खूण त्याने त्या पोराला सांगून टाकली होती, माझ्या सल्ल्याशिवायच. ओळ अशी होती: ‘अण्णाच्या लूमचा धागा तुटलेला दिसला आणि अण्णा उठला नाही, तर मी जाऊन लूम बंद करणार आणि चहाला नेणार.’